टरफलं कुणी उचलायची?

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)



लोकमान्य टिळकांच्या लहानपणची शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण सगळ्यांनीच शाळेत ऐकलेली आहे. वर्गात टरफलं पडली आहेत, गुरुजी रागावले आहेत, सगळ्यांनी मिळून टरफलं उचला असा हुकूम सुटला आहे. आणि छोटा बाळ ताठ उभा राहून सांगतो, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. दरवर्षी १ ऑगस्टला शाळाशाळांतून ही गोष्ट सांगितली जाते. भाषणाच्या स्पर्धेत तर पाचातली तीन मुलं हीच गोष्ट सांगतात. पण गोष्टीतला एक साधा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. बाळनं शेंगा खाल्ल्या नव्हत्या हे ठीक, पण कुणीतरी खाल्ल्या होत्याच ना? ती मुलं त्या दिवशी गप्प का बसली? आणि शेवटी ती टरफलं उचलली कुणी?

मला हे प्रश्न पडायचे ते लोकलच्या डब्यात. डोंबिवली ते सीएसटी, हो, तेव्हा आम्ही सीएसटीच म्हणत असू, अशी नोकरीची सगळी वर्षं मी लेडीज डब्यातून काढली. संध्याकाळच्या गाडीत पायाखाली काय काय असायचं, ते ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना सांगायला नकोच. खाऱ्या दाण्यांच्या पुड्यांचे कागद, वेफर्सची रिकामी पाकिटं, चॉकलेटचे चंदेरी कागद, केळ्याची सालं, पाण्याच्या बाटल्या. मटारचा हंगाम असला की टरफलं. कारण आम्ही बायका गाडीतच भाजी निवडून घ्यायचो. घरी पोचल्यावर तेवढाच अर्धा तास वाचायचा. पुरुषांच्या डब्यात भाजी निवडत नसत, पण तिथं तंबाखूच्या पुड्या आणि दाराशी लाल पिचकाऱ्या. आणि गंमत अशी, की डब्यात कुणाच्याही चेहऱ्याकडे पाहा, प्रत्येकजण बाळ टिळक! शेंगा खाणारा कुणी दिसतच नाही.

मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून करोनाच्या साथीपूर्वी दिवसाला सुमारे ७५ लाख प्रवासी जात असत. आपण एक सोपा हिशेब करून पाहू. ही काही कुणाची पाहणी नाही, नुसतं तोंडी गणित आहे. असं धरून चालू, की शंभरातले नव्याण्णव प्रवासी एक कपटाही टाकत नाहीत. फक्त एकजण टाकतो. तोही दिवसातून एकदाच, आणि एकच वस्तू. आपल्याला वाटेल, इतके शिस्तीचे लोक जगात कुठे असतील? तरीसुद्धा रोजच्या ७५ हजार वस्तू होतात, आणि वर्षाच्या पावणेतीन कोटी. म्हणजे ‘मी एकट्यानं टाकलं तर काय होतंय’ असं म्हणणारा जो एकटा आहे, तो रोज ७५ हजारांच्या घोळक्यात उभा आहे.

आता प्रवाशांना नावं ठेवणं फार सोपं. ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हे वाक्य म्हणायला काही लागत नाही, आणि ते म्हणताना आपण स्वतःला ‘आपल्या लोकां’तून हळूच वगळलेलं असतं. म्हणून आधी प्रवाशाची बाजू मांडते.

नऊ डब्यांच्या लोकलची क्षमता साधारण सतराशे-अठराशे माणसांची. गर्दीच्या वेळी तिच्यात साडेचार हजारांहून जास्त माणसं चढत. म्हणजे एका चौरस मीटर जागेत चौदा ते सोळा माणसं. एक चौरस मीटर म्हणजे केवढी जागा? दिवाळीत दारापुढे रांगोळीसाठी गेरूनं सारवतो ना, तेवढी. त्या जागेत चौदा माणसं उभी करून पाहा. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्या हातानं पर्स पोटाशी धरलेली. शेजारणीची कोपरं बरगड्यांत. अशा माणसाच्या हातात चॉकलेटचा कागद उरला, तर तो ठेवणार कुठे? पर्स उघडायला तिसरा हात हवा. बरं, स्टेशनावर उतरून पेटीत टाकू म्हटलं, तर गाडी थांबते अर्धा मिनिट. मागचा लोंढा ढकलत जिन्यापर्यंत नेतो, आणि पेटी असते फलाटाच्या दुसऱ्या टोकाला. कधी ती भरून वाहत असते, कधी नसतेच.

पेट्या नसण्यालाही एक कारण आहे. १९९१ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकात कचरापेटीत ठेवलेला बॉम्ब फुटला आणि तिथल्या स्थानकांवरच्या पेट्या निघाल्या. १९९५ च्या मार्चमध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर तिथल्या पेट्याही गेल्या. आपण मुंबईकरांनी ११ जुलै २००६ ची संध्याकाळ पाहिली आहे. पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत काही मिनिटांत सात स्फोट झाले. तेव्हापासून बेवारस पिशवी दिसली की पोटात गोळा येतो. बंद झाकणाची पेटी गर्दीच्या जागी ठेवायची म्हणजे सुरक्षेचाही विचार करावा लागतो. तेव्हा ‘पेट्या का ठेवत नाहीत’ हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. पण आरपार दिसणारी पिशवी लोखंडी कड्याला अडकवता येते, ती दिवसातून चार वेळा रिकामी करता येते. तेवढी अपेक्षा रेल्वेकडून धरणं गैर नाही.

प्रवाशाची आणखी एक बाजू आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. वस्तू खाऊन झाली की उरलेलं बाहेर भिरकवायचं, ही हाताची सवय कुठून आली? ती आली अंगणातून. आपल्या आजी-पणजीच्या घरी केळ्याचं साल परसात टाकलं तर ते गुरांच्या पोटात जायचं. जेवण झालेली पत्रावळ उकिरड्यावर जायची. उकिरड्याचं खत व्हायचं, खत शेतात जायचं. प्रवासाला निघणारा माणूस शिदोरी फडक्यात बांधून घ्यायचा, आणि फडकं धुवून परत कपाटात. तेव्हा फेकणं हा गुन्हा नव्हता, कारण फेकलेली वस्तू मातीच होणार होती. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असं आपण म्हणतो ते त्याच काळात. आज हात तोच आहे, झटकाही तोच आहे. बदलली आहे ती हातातली वस्तू. वेफर्सच्या पाकिटाचे पांग बारा वर्षांनीही फिटत नाहीत. ते जसं पडलं तसंच राहतं, फक्त रंग उडतो.

आणि तरीही हे सगळं समजून घेतल्यावर एक गोष्ट उरतेच. डब्यात टाकलेला कचरा निदान दिसतो. संध्याकाळी नाही तर रात्री कारशेडमध्ये कुणी ना कुणी तो झाडून काढतो. पण जो कचरा आपण खिडकीतून किंवा दारातून ‘बाहेर’ टाकतो, त्याचं काय? डबा स्वच्छ राहावा म्हणून ‘बाहेर’ टाकणारे पुष्कळ सज्जन मी पाहिले आहेत. त्यांना आपण घाण करतोय असं वाटतच नाही. उलट मुलांनाही शिकवतात, ‘खाली टाकू नकोस बाळा, खिडकीतून टाक.’ हे ‘बाहेर’ नेमकं आहे कुठे?

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहत. रेल्वेत गँगमन होते. रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत. एकदा मी सहज विचारलं, “भाऊ, तुमचं काम नक्की कुठे असतं हो?”

ते हसले. म्हणाले, “वहिनी, तुमचं ऑफिस फोर्टात. आमचं ऑफिस तुमच्या खिडकीखाली.”

मग त्यांनी सांगितलं. गाडी आली की टोळी रुळांतून बाजूला होते, गाडी जाईपर्यंत उभी राहते. त्या अर्ध्या मिनिटात वरून काय येईल त्याचा नेम नाही. पाण्याची अर्धी भरलेली बाटली, उष्टं, कधी पिशवीच्या पिशवी. “आणि थुंकी तर रोजचीच,” म्हणाले. “गाडी गेली की आधी तोंड पुसायचं, मग फावडं उचलायचं.” हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले. मला मात्र पुढे कित्येक दिवस खिडकीशी बसलं की खाली पाहावंसं वाटेना.

रुळांखाली जी खडी दिसते ना, ती उगाच पसरलेली नसते. गाडीचं वजन रुळांवरून स्लीपरवर आणि स्लीपरवरून खडीत उतरतं. खडी ते जमिनीवर सारखं पसरवते. शिवाय खडीच्या फटींतून पावसाचं पाणी निचरून जातं. ह्या फटी माती, चिखल आणि कचऱ्यानं बुजल्या की पाणी साठतं, खालची जमीन मऊ होते, रूळ एका बाजूला दबायला लागतात. मग ती खडी उपसायची, चाळायची, पुन्हा भरायची. रविवारच्या मेगाब्लॉकच्या नावानं आपण बोटं मोडतो. त्या ब्लॉकमध्ये जी अनेक कामं होतात, त्यांतलं हेही एक. म्हणजे सोमवार ते शनिवार आपण टाकायचं आणि रविवारी गाड्या कमी म्हणून आपणच चिडायचं!

रुळांच्या बाजूनं गटारं असतात आणि रुळांखालून मोऱ्या जातात. शहराचं पावसाचं पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायचं त्यांचं काम. दर उन्हाळ्यात पाऊस सुरू होण्याआधी ह्या मोऱ्या साफ कराव्या लागतात, आणि रुळांकडेचा गाळ-कचरा भरून न्यायला रेल्वे खास गाड्या चालवते. ‘मक स्पेशल’ म्हणतात त्यांना. माणसांना उभं राहायला जागा नाही अशा मार्गावर आपल्या कचऱ्यासाठी वेगळी गाडी धावते!

२६ जुलै २००५ हा दिवस मुंबई-ठाण्यातला कुणी विसरलेला नाही. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. गाड्या जागच्या जागी थांबल्या, हजारो माणसं रुळांवरून चालत घरी निघाली. आता त्या पुराचं खापर एकट्या कचऱ्यावर फोडणं बरोबर होणार नाही. तेवढा पाऊस कुठल्याही शहराला झेपला नसता. त्यात समुद्राची भरती होती, मिठी नदीचं पात्र अतिक्रमणांनी आवळलेलं होतं, गटारं जुनी होती. पण जी काही वाट पाण्याला उरली होती, तिच्या तोंडाशी पिशव्यांचे बोळे बसले होते हेही खरं. त्यानंतर २००६ मध्ये राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी आली. २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्मोकोलवर त्याहून कडक बंदी आली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कितीतरी प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. तरी आजही जोराचा पाऊस झाला, की कुर्ला आणि शीवला रुळांवर पाणी आल्याची बातमी येते आणि आपण घड्याळाकडे बघत फलाटावर उभे राहतो.

आता एका नाजूक विषयाकडे वळते. नाजूक अशासाठी, की इथं टाकणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. उलट भक्तिभाव असतो. घरातल्या देवाचं निर्माल्य, पूजेतला नारळ, सुकलेले हार, हे कचऱ्यात टाकायला मन धजत नाही. ते वाहत्या पाण्यात सोडावं अशी आपली रीत. शहरात नदी कुठली? मग रोजच्या वाटेवर जी खाडी लागते, तिच्यात. गाडी वाशीच्या किंवा भाईंदरच्या पुलावर आली की दाराशी उभं असलेल्याच्या हाती पिशवी दिली जाते, “जरा एवढं टाका हो,” म्हणून. तोही पुण्याचं काम म्हणून टाकतो. पिशवी प्लॅस्टिकची. वर पक्की गाठ मारलेली.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये भाईंदर आणि नायगावच्या मधल्या खाडीपुलावरून एक तरुण पायी चालला होता. खाडीतल्या पाणजू बेटावर राहणाऱ्यांना ह्या पुलावरून ये-जा करावी लागते. धावत्या लोकलमधून कुणीतरी भिरकावलेला नारळ त्याच्या डोक्यात बसला. तो तरुण दगावला.

ज्यानं तो नारळ टाकला, त्यानं हात जोडूनच टाकला असेल. कदाचित त्याला आजही माहीत नसेल. गाडी पुढच्या स्टेशनात पोचली असेल, तो उतरला असेल, कामाला लागला असेल. ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगानं जाणाऱ्या गाडीतून वस्तू नुसती सोडली, तरी ती त्याच वेगानं पुढे जाते, हे आपण शाळेच्या विज्ञानात शिकलो आहोत. फेकली तर विचारायलाच नको. देवाच्या नावानं टाकलेल्या नारळानं कुणाच्या घरातला मुलगा जावा, हे कुठल्या देवाला चालेल? निर्माल्याचं खत होतं, आणि ते झाडाला घालणं हेही विसर्जनच आहे. गणपतीत नगरपालिका विसर्जनाच्या जागी निर्माल्यकलश ठेवतात. लोक तिथं आपणहून, रांगेत उभं राहून निर्माल्य देतात. तसा एकेक कलश खाडीपुलांच्या आधीच्या स्थानकांवर बाराही महिने ठेवला, तर माझी खात्री आहे, निम्म्या पिशव्या तिथंच उतरतील. ज्याला खाली टाकायचं नाहीये त्याला वर ठेवायला जागा द्यायला हवी.

हे सगळं काही आजचं नाही. १९१७ साली गांधीजींनी रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाबद्दल वर्तमानपत्रांना सविस्तर पत्र लिहिलं होतं. मुंबईहून मद्रासला ते त्या वर्गानं गेले होते. डबा प्रवासभर एकदाही झाडला गेला नाही, ह्याबद्दल त्यांनी रेल्वेच्या कारभाऱ्यांना सुनावलं. पण ते तिथं थांबले नाहीत. डब्यातच थुंकणारे, तिथंच उष्टं टाकणारे जे सहप्रवासी, त्यांच्याबद्दलही स्पष्ट लिहिलं. एकाच पत्रात दोन्ही बाजूंना बोल लावले. आपण बहुधा एकच बाजू निवडतो. रेल्वे म्हणते प्रवासी बेशिस्त, प्रवासी म्हणतात रेल्वे नालायक, आणि कागद तिथंच पडलेला असतो.

कायदा आहे. रेल्वेच्या आवारात घाण करणाऱ्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड करता येतो, असे नियम २०१२ मध्ये झाले. गुटख्यावरही राज्यात त्याच वर्षी बंदी आली. पण ज्या डब्यात तिकीट तपासनिसाला शिरता येत नाही, तिथं कागद टाकणाऱ्याला पकडणार कोण? कायदा फलाटावर थोडाफार चालतो. गाडीत चालते ती एकमेकांची नजर.

आणि ती नजर किती चालते ते पाहायचं असेल तर मेट्रोत बसून पाहा. कोलकात्यात १९८४ मध्ये देशातली पहिली मेट्रो सुरू झाली, तेव्हा लोक म्हणत, हिची चार दिवसांत वाट लागेल. लागली नाही. दिल्लीत २००२ मध्ये झाली, मुंबईत वर्सोवा-घाटकोपर २०१४ मध्ये. मेट्रोत बसणारी माणसं कुणी परदेशातून आणलेली नाहीत. घाटकोपरला मेट्रोतून उतरणारा माणूस जिना उतरून लोकलमध्ये बसतो. जिन्याच्या वर तो कागद खिशात ठेवतो, आणि जिन्याच्या खाली? मग शिस्त नाही असं कसं म्हणायचं? शिस्त आहे. ती कुठे वापरायची आणि कुठे नाही, ह्याचा आपला आपण एक नकाशा केलेला आहे.

मेट्रोत खायला मनाई असते, कर्मचारी फिरत असतात, जागा मुळात स्वच्छ असते म्हणून पहिला कागद टाकायला हात कचरतो. ही कारणं आहेतच. पण आणखी एक कारण आहे. मेट्रोची दारं बंद होतात आणि खिडक्या उघडत नाहीत. तिथं ‘बाहेर’ नसतं. जे टाकाल ते आपल्याच पायाशी पडणार. मुंबईत २०१७ च्या नाताळात पहिली वातानुकूलित लोकल धावली, तिच्यातही हेच. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दाराशी लटकणारे प्रवासी गाडीतून पडून मरण पावले, आणि त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील असं रेल्वेनं जाहीर केलं. ती येतील तेव्हा माणसांचे जीव वाचतील, ही सर्वांत मोठी गोष्ट. पण त्याबरोबर ‘बाहेर’ नावाची आपली सोयही संपेल. बंद डब्यात आपण कसे वागतो, हे तेव्हा आपल्यालाच कळेल. तोवर वाट का पाहायची?

उपाय फार मोठे नाहीत. आपल्या लोकलमध्येच एक उत्तम उदाहरण रोज प्रवास करतं. मुंबईचे डबेवाले. १८९० च्या सुमारास ही पद्धत सुरू झाली. रोज हजारो लोकांचं जेवण लोकलनं जातं आणि मागे कागदाचा एक कपटा उरत नाही. कारण काय? डबा रिकामा झाला की तो त्याच वाटेनं घरी परत जातो. ज्या घरातून निघाला, त्याच घरी धुतला जातो. भरलेला डबा न्यायला जागा असते, तर रिकामा आणायला का नसावी? भरलेली बाटली आपण पिशवीत घालून घरून आणतो. रिकामी झाल्यावर ती हलकी होते, जड होत नाही. तरीही नकोशी होते.

आमच्या डब्यात एक बाई यायच्या. ठाण्यात एका शाळेत शिपाई होत्या. मटारच्या दिवसांत त्या शेंगा सोलायला बसल्या की मांडीवर दोन पिशव्या ठेवायच्या. एकीत दाणे, दुसरीत टरफलं. शेजारणीचं सोलणं सुरू झालं की दुसरी पिशवी उघडून तिच्यापुढे धरायच्या. “मावशी, ह्यात टाका. माझ्याकडे कुंड्या आहेत, खत होतं.” बस, एवढंच. ना उपदेश, ना डोळे वटारणं. समोरून उघडी पिशवी आली की ‘नको, मी खालीच टाकते’ असं कुणी म्हणत नाही हो! हळूहळू आमच्या खिडकीकडच्या सहाजणींत ती रीतच पडली. पुढे त्या निवृत्त झाल्या, तर दुसऱ्या एकीनं पिशवी आणायला सुरुवात केली. उतरताना ज्याची पिशवी त्यानं न्यायची, एवढा नियम. बेवारस काही ठेवायचं नाही.

सगळा डबा त्यामुळे स्वच्छ झाला का? नाही. आमच्या सहा जागांपलीकडे जे होतं ते होतंच. पण त्या सहा जागांखाली कागद दिसला की येणारी नवी मुलगीसुद्धा तो उचलायची. कारण तिथं तो शोभत नसे.

लोकलमधले गट हे मुंबईचं वैशिष्ट्य. भजनं म्हणणारे, पत्ते खेळणारे, वाढदिवस करणारे. दसऱ्याच्या सुमारास तर डब्याची पूजा होते, तोरणं लागतात, मोटरमनला हार घालतात. ज्या गाडीच्या जिवावर आपलं घर चालतं तिला नमस्कार करायची ही रीत मला फार आवडते. पण तोरणं लावणाऱ्या गटानं ती संध्याकाळी काढून न्यावीत, एवढी भर तिच्यात घालायला हवी. पूजा झाल्यावर दुसऱ्या दिवशी झेंडूची फुलं बुटांखाली चेंगरलेली दिसू नयेत.

गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्यानं गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. ही घाण कुणी केली, असं विचारत बसले असते तर त्यांचा एकही रस्ता झाडून झाला नसता. लोकलच्या गर्दीत खराटा घेऊन उभं राहा, असं मी कुणालाही सांगणार नाही. तिथं उभं राहायला मिळालं तरी नशीब. दिवसभराच्या कामानं दमलेल्या माणसाकडून संतपण मागू नये. पण आपण ज्या शेंगा खाल्ल्या त्यांची टरफलं आपल्याजवळ ठेवणं, हे संतपण नाही. तो साधा हिशेब आहे. बाळ टिळकांची बाणेदार गोष्ट ज्यानं शेंगा खाल्ल्या नाहीत त्याची आहे. खाणाऱ्यांनी तिच्या आड लपू नये.

तेव्हा उद्या सकाळी गाडी पकडायला निघताना, डबा आणि पास घेतला का हे पाहताना, एक रिकामी कापडी पिशवीही घडी करून ठेवा. गाडीत चढायच्या आधी ती वरच्या कप्प्यात असू द्या, म्हणजे एका हातानं निघेल. काही खाल्लं तर उरलेलं तिच्यात. शेजाऱ्यानं खाल्लं तर पिशवी जरा उघडून धरा. निर्माल्याची पिशवी कुणी पुढे केली तर “मी घेतो, पण खाडीत नको, झाडाला घालतो,” असं सांगून बघा. आणि लहान मूल खिडकीतून काही भिरकावू लागलं, तर त्याचा हात हळूच धरून त्याला खाली रुळांकडे बोट दाखवा. तिथं नारिंगी जॅकेट घालून, गाडी जायची वाट पाहत काही माणसं उभी असतील. त्याला एवढंच सांगा, ते काका तिथं काम करतात.